अंगणातून कुंडीत : मुळांच्या प्रवासाचा इतिहास

वाडीतील जुने घर सोडून इमारतीतील सदनिकेत राहावयास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आपल्या वसई परिसरात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाढतच गेली आहे. सामानसुमान हलते, देवघरातील क्रूस आणि पवित्र तसबिरी हलतात. परंतु अंगणात रुजलेले झाड हलविताना मात्र जाणत्या माणसांचाही हात थबकतो. आजीने लावलेला मोगरा, दाराशी वाढलेली तगर, विहिरीजवळची जास्वंद ही झाडे कुंडीत जगतील किंवा कसे, असा प्रश्न धर्मग्रामातील कुटुंबांकडून आम्हांस वारंवार विचारला जातो. वरकरणी हा प्रश्न बागकामाचा वाटतो. वस्तुतः त्याला सुमारे साडेतीन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात राजे आहेत, गुलाम आहेत, खलाशी आहेत, तसेच धर्मबंधूही आहेत. रुजलेले झाड मुळांसह उचलून मर्यादित मातीत जगविण्याची ही विद्या माणूस कसकशी शिकत गेला, याचा थोडक्यात आढावा प्रस्तुत लेखात घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

पुंत देशाची झाडे

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, देर-एल-बहरी येथे हातशेप्सुत राणीचे मंदिर आहे. ख्रिस्तपूर्व पंधराव्या शतकात या राणीने तांबड्या समुद्रामार्गे पुंत नावाच्या देशाकडे जहाजे धाडली. त्या मोहिमेची शिल्पे मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहेत. त्यांत सुगंधी डिंक देणारी झाडे मुळांसकट टोपल्यांत बसविलेली असून, त्या टोपल्या दांड्याला अडकवून माणसे खांद्यावरून जहाजाकडे नेत आहेत, असे दृश्य स्पष्ट दिसते. अशी ३१ झाडे आणल्याचा उल्लेख तेथील लेखात आहे. रुजलेले झाड एका देशातून उचलून दुसऱ्या देशात नेल्याच्या ज्ञात चित्रांपैकी हे एक अतिप्राचीन चित्र होय.

बेथलेहेमच्या बाळासमोर पूर्वेकडील ज्ञानी लोकांनी ठेवलेल्या तीन भेटींपैकी ऊद आणि गंधरस हे याच जातकुळीच्या झाडांचे डिंक. ते दूरदेशीहून येत, म्हणूनच त्यांना सोन्याच्या पंक्तीत स्थान मिळाले होते. राणीला केवळ डिंक नको होता. डिंक देणारे झाडच आपल्या देवतेच्या अंगणात हवे होते. शिल्पातील एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. झाडाची मुळे उघडी नाहीत, ती टोपलीत आहेत. झाड हलवावयाचे तर त्याच्याबरोबर त्याची थोडी माती हलवावी लागते, हे त्या काळच्या मजुरांनाही ठाऊक होते. आपल्याकडील रोपवाटिकांत मुळांभोवतीच्या या मातीच्या गोळ्यास 'हुंडी' म्हणतात. हुंडी फुटली की झाड दगावते, हा तेथील माळ्यांचा पहिला धडा असतो.

भोकांची मडकी

टोपली प्रवासापुरती होती. कुंडी हे झाडाचे कायमचे घर व्हावे यासाठी आणखी एका शोधाची गरज होती, आणि तो शोध म्हणजे कुंडीच्या बुडाचे भोक. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रॅस्टस याने महाळुंगाचे बी भोके असलेल्या मडक्यांत पेरीत असल्याचे नमूद केले आहे. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी सांगतो की, महाळुंगाच्या औषधी गुणांमुळे अनेक देशांनी ते झाड आपल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी मातीच्या भांड्यांना भोके पाडून मुळांना श्वास घेण्याची सोय केली. तरीही ते झाड परक्या भूमीत रुजावयास तयार झाले नाही. मुळे श्वास घेतात ही जाण त्या काळी होती, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. कुंडीतील झाडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक ती साचलेल्या पाण्यात गुदमरून मरतात, हे आजही अनेक घरांत लक्षात घेतले जात नाही.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील बागांच्या उत्खननातही बुडाला व बाजूंना भोके असलेली अशी मडकी मातीत पुरलेल्या स्थितीत सापडली आहेत. रोमन लोकांची आणखी एक युक्ती तर याहून जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात निधन पावलेल्या केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात ती सांगितली आहे. मडक्याच्या बुडाला भोक पाडावे, झाडाची जिवंत फांदी त्यातून वर काढावी, मडके मातीने भरून झाडावरच राहू द्यावे आणि फांदीला मुळे फुटल्यावर ती मडक्याखाली कापून मडक्यासह नव्या जागी लावावी. आपल्या बागाईतदारांची गुटी ती हीच. मूळ झाडाला धक्का न लावता त्याचा एक जिवंत अंश कुंडीत उतरविण्याची ही रीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे.

व्हर्सायची नारिंगे

कुंडीतील झाडाला राजवैभव प्राप्त करून दिले ते नारिंगाने. या झाडाचे नावच प्रवासी आहे. संस्कृतातील 'नारंग' फारसीत, तेथून अरबीत, अरबीतून स्पॅनिश भाषेत आणि पुढे साऱ्या युरोपात गेले. झाडही त्याच वाटेने पश्चिमेला पोहोचले. परंतु उत्तर युरोपातील हिवाळ्यात जमिनीत लावलेले नारिंग गोठून मरते. त्यामुळे ते लाकडी पेटीत वाढवावे, उन्हाळ्यात बाहेर मांडावे आणि थंडी पडू लागताच मोठ्या दालनात हलवावे, अशी पद्धत राजेरजवाड्यांत रूढ झाली.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने व्हर्सायच्या राजवाड्यालगत बांधविलेले नारिंगगृह या पद्धतीचा कळस होय. वास्तुविशारद ज्यूल आर्दुआँ-माँसार याने १६८४ ते १६८६ या काळात ते उभारले. त्याचे मुख्य दालन दीडशे मीटरांहून अधिक लांब असून त्याचे तोंड दक्षिणेकडे आहे. भिंती जाड आणि खिडक्या मोठ्या, जेणेकरून हिवाळ्यातील ऊन आत यावे व ऊब बाहेर जाऊ नये. आजही तेथे हजाराहून अधिक झाडे पेट्यांत वाढतात आणि मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत ती बाहेर मांडली जातात.

ही सारी झाडे राजाने पेरलेली नव्हती. १६६१ साली अर्थखात्याचा प्रमुख निकोला फुके याला अटक झाली, तेव्हा त्याच्या व्हो-ल-व्हिकोंत येथील प्रसिद्ध बागेतील नारिंगाची झाडे राजाने आपल्याकडे आणविली. व्हर्सायमधील सर्वांत मानाचे नारिंग 'ग्राँ कोनेताब्ल' या नावाने ओळखले जाई. त्याचे बी १४२१ साली नव्हारच्या राजघराण्यात पेरले गेले अशी परंपरा आहे. पुढे ते बूर्बोंच्या सरदार घराण्याकडे आले. त्या घराण्याच्या सेनापतीने १५२३ साली राजाविरुद्ध बंड केल्यावर त्याच्या जप्त मालमत्तेबरोबर ते राजाच्या बागेत गेले आणि अखेर व्हर्सायला पोहोचले, असे सांगतात. मालक बदलले, वाडे बदलले. झाड मात्र आपली माती बरोबर घेऊन फिरत राहिले आणि फळत राहिले. जमिनीत रुजलेले झाड जप्त होते तेव्हा जमिनीसह जप्त होते. पेटीतील झाडाला मात्र जमिनीवेगळे आयुष्य मिळते.

अर्थात हे आयुष्य फुकट मिळत नाही. पेटीतील माती काही वर्षांत निःसत्त्व होते, मुळे भिंतीला आपटून गोल गोल फिरू लागतात आणि एकमेकांना आवळतात. व्हर्सायच्या माळ्यांनी यावर उपाय म्हणून पेटीच रचनेने बदलली. तिच्या बाजू उघडता येतील अशा केल्या. ठरावीक वर्षांनी बाजू उघडून बाहेरील मुळांचा गुंता छाटावयाचा, जुनी माती काढून नवी भरावयाची आणि मुळे जितकी कमी केली त्या प्रमाणात फांद्याही कमी करावयाच्या, असा तेथील शिरस्ता होता. राजाच्या भाजी व फळबागेचा प्रमुख ज्याँ-बातिस्त द ला कँतिनी याने या विषयावर लिहून ठेविले आणि त्याच्या निधनानंतर १६९० साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुळे आणि पाने यांचा तोल राखणे हे या विद्येचे मर्म होय. पाणी शोषणारी मुळे निम्मी झाली आणि पाणी उडविणारी पाने तेवढीच राहिली, तर झाड उभ्या उभ्या वाळणारच.

जहाजावरील बाग

अठराव्या शतकात या विद्येने समुद्र ओलांडला आणि तिच्या इतिहासात एक काळे पान जोडले गेले. वेस्ट इंडीज बेटांवरील इंग्रज मळेवाल्यांना आपल्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते. ताहिती बेटावरील नीरफणस त्यासाठी योग्य ठरविण्यात आला. डिसेंबर १७८७ मध्ये कप्तान विल्यम ब्लाय 'बाउंटी' जहाज घेऊन निघाला. जहाजातील सर्वांत मोठी खोली खास कुंड्यांसाठी राखली होती. तिच्यात भोके पाडलेली दुसरी जमीन बसविली होती, जेणेकरून प्रत्येक कुंडी आपल्या भोकात घट्ट बसावी. खाली शिशाचा पत्रा होता आणि कुंड्यांतून झिरपलेले गोडे पाणी पुन्हा वापरण्यासाठी पिंपांत साठविण्याची सोय होती.

ताहितीला सुमारे पाच महिने मुक्काम पडला. ७७४ कुंड्या, ३९ पिंपे आणि २४ खोकी यांत मिळून १०१५ रोपे जहाजावर चढली. परंतु २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले, ब्लायला काही सोबत्यांसह होडीत सोडून दिले आणि ती सारी रोपे समुद्रात फेकून दिली. १७९१ साली ब्लाय पुन्हा दुसऱ्या जहाजावरून निघाला. या वेळी दोन हजारांहून अधिक रोपे निघाली आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच १७९३ साली वेस्ट इंडीजला जिवंत पोहोचली.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या गुलामांना हे परके फळ सुरुवातीस रुचले नाही. नीरफणसाच्या रोपासाठी जहाजात ऊन, वारा आणि गोडे पाणी यांची काळजीपूर्वक व्यवस्था करणाऱ्या त्या व्यवस्थेने आफ्रिकेतून ओढून आणलेल्या माणसांना जहाजाच्या तळघरात कसे कोंबले होते, हे स्मरले म्हणजे मन विषण्ण होते. झाडाची हुंडी फुटू नये म्हणून जपणाऱ्यांनी माणसांची कुटुंबे मात्र निर्दयपणे फोडली. पुढे काळाच्या ओघात नीरफणस कॅरिबियन लोकांच्या रोजच्या जेवणातला झाला आणि त्यांनी तो आपलासा केला. परंतु त्यामुळे मूळ अन्याय पुसला जात नाही.

काचेची पेटी

दीर्घ सागरी प्रवासात रोपांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खारे तुषार आणि गोड्या पाण्याची टंचाई. त्यावर तोडगा सापडला तो अपघाताने. लंडनमधील डॉक्टर नथानिएल बॅगशॉ वॉर्ड याने १८२९ साली एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीत नेचा आणि गवत उगवले आणि पाणी न घालताही जगले. दिवसा उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. १८३३ साली वॉर्डने काचेच्या बंद पेट्यांत रोपे घालून सिडनीला पाठविली. महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतर ती सुखरूप पोहोचली आणि परतीच्या खेपेत ऑस्ट्रेलियातील रोपेही तशीच लंडनला आली.

या पेटीने पुढील शंभर वर्षांत जगाच्या शेतीचा नकाशा बदलला. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आणली. आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटावी अशी कथा सिंकोना झाडाची आहे. हिवतापावर गुणकारी असलेली त्याची साल सतराव्या शतकात पेरूतील येशूसंघीय धर्मबंधूंमुळे युरोपास परिचित झाली आणि 'जेझुइटांची साल' या नावानेच ती ओळखली जाऊ लागली. १८६० साली क्लेमंट्स मार्कम याने पेरूतून भारताकडे आणलेली रोपे जगली नाहीत. मात्र इक्वेडोरमधून पाठविलेली लाल सालीची रोपे १८६१ साली निलगिरीत पोहोचली आणि तेथे सिंकोनाचे सरकारी मळे उभे राहिले. हिंदुस्थानातील असंख्य रुग्णांना त्यातून क्विनीन मिळाले. ज्या देशांतून ही झाडे नेली, त्यांची संमती मात्र घेतली गेली नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवावयास हवे.

मुळांभोवती फिरणे

रुजलेले जुने झाड हलविण्याच्या कामी जपानी माळ्यांइतका संयम फार थोड्यांनी दाखविला असेल. त्यांच्या भाषेत या कामासाठी 'नेमावाशी' असा शब्द आहे. त्याचा अर्थ मुळांभोवती फिरणे. झाड उचलण्याआधी कित्येक महिने, मोठे असल्यास वर्ष-दोन वर्षे आधी, त्याच्याभोवती गोल चर खणावयाचा, जाड मुळे छाटावयाची आणि चर पुन्हा मातीने भरावयाचा. झाड जागेवरच राहते. परंतु छाटलेल्या ठिकाणी त्याला बारीक तंतुमुळे फुटतात. पाणी शोषण्याचे खरे काम ही तंतुमुळेच करतात. मग उचलण्याचा दिवस उजाडतो तेव्हा झाडाची अर्धी तयारी आधीच झालेली असते. आज जपानमध्ये हा शब्द सभा भरण्यापूर्वी प्रत्येकाला भेटून, समजावून, त्याचे मत जाणून घेण्यासाठी वापरला जातो. माळ्याच्या खुरप्यातून निघालेला शब्द सार्वजनिक व्यवहारात रूढ झाला, तो त्यातील शहाणपणामुळे.

कुंडीतील झाडांवर जपानमध्ये 'हाची नो की' नावाचे एक जुने नाटक आहे. नातेवाइकांनी जमीन बळकावल्यामुळे दरिद्री झालेल्या एका सामुराईपाशी प्लम, चेरी आणि पाइन अशी तीन कुंडीतील झाडे तेवढी उरलेली असतात. हिमवर्षावाच्या रात्री एक संन्यासी आश्रयास येतो, तेव्हा त्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही झाडे तोडून शेकोटी पेटवितो. जमीन गेली तरी त्याने झाडे राखली होती आणि पाहुण्यासाठी तीही दिली.

कुंडीतील झाड किती काळ जगू शकते, याचेही उत्तर जपानकडेच आहे. १६२५ सालापासून कुंडीत जोपासलेला एक पाइन हिरोशिमाजवळच्या यामाकी कुटुंबाकडे होता. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबस्फोटातून तो वाचला. ज्या देशाने तो बाँब टाकला, त्याच देशाला १९७६ साली त्या कुटुंबाने तो भेट दिला. आज तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वनस्पती उद्यानात आहे. लहानशा कुंडीत एक झाड शतके ओलांडते, कारण एका पिढीने पाणी घातले आणि पुढच्या पिढीला ते घालावयास शिकविले.

आपल्या अंगणापुरते

या इतिहासातून आपल्यापुरते काय घ्यावयाचे? पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक कुटुंबांत व्यवहार ठरतो, घर रिकामे करण्याची तारीख येते आणि आदल्या दिवशी कुदळ घेऊन झाडाची आठवण होते. अशी घाईने उपटलेली झाडे जगत नाहीत. घर सोडावयाचे निश्चित होताच झाडाच्या एका बाजूने अर्धवर्तुळाकार चर खणावा, मुळे धारदार हत्याराने कापावी आणि जुने शेणखत व माती घालून चर भरावा. काही आठवड्यांनी दुसरी बाजू तशीच करावी. पावसाळा लागल्यावर, ढगाळ दिवशी, संध्याकाळच्या वेळी झाड हुंडीसह उचलून गोणपाटात बांधावे. फांद्या सुमारे एक तृतीयांश छाटाव्या. कुंडी हुंडीपेक्षा चार बोटे मोठी असावी आणि तिच्या भोकावर खापरी ठेवावी. वाडीतील माती, रेती आणि शेणखत यांनी ती भरावी. दोन-तीन आठवडे झाड सावलीत राहू द्यावे आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत घालू नये.

दुसरी गोष्ट मर्यादेची. मोगरा, तगर, अनंत, जास्वंद ही झुडपे असे स्थलांतर बहुधा सोसतात. मोठा झालेला सोनचाफा किंवा जुना कढीलिंब सहसा सोसत नाही. त्यांच्या मुळांना इजा सहन होत नाही. तेथे हट्ट न धरता नवे रोप घ्यावे, आणि जेथे गुटी किंवा छाट कलम साधते तेथे केटोच्या मडक्याची आठवण ठेवावी. ज्याच्या फांदीचा तुकडाही सहज रुजतो असा आपला खुरचाफा मूळचा मध्य अमेरिकेचा. काजू, अननस आणि पपई यांच्याप्रमाणे तोही कोणाच्या तरी हातून समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आणि आज तो कोणास परका वाटत नाही.

तिसरी गोष्ट सांगणे आम्हांस कठीण जाते, परंतु ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. कुंडी म्हणजे वाडी नव्हे. जमिनीतील झाड एखादे वर्ष दुर्लक्ष झाले तरी खोल मुळांनी पाणी शोधते. कुंडीतील झाड सर्वस्वी माणसाच्या हातावर अवलंबून असते. त्यामुळे कुंडीत झाड आणणे म्हणजे त्याचे पालकत्व पत्करणे होय. आणि एका कुंडीत एक मोगरा राखला म्हणून वाडीतील विहीर, आंबा-फणसाची सावली आणि पावसाचे पाणी मुरविणारी ती जमीन राखली गेली असे होत नाही. ज्यांच्याकडे अद्याप वाडी आहे त्यांनी ती राखावी. ज्यांना ती सोडणे भागच आहे त्यांनी निदान एका झाडासाठी एक पावसाळा आधी चर खणावा, आणि घरातील मुलांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा.